सायकान अपांच्या गोठ्यातली गाय

बेश-आर्चा गावात, जिथे थोरल्या बाईला अपा म्हणतात, सायकान अपांच्या शब्दाला साक्षीदार मागण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. चाळीस वर्षे त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवले होते, तीन मुलगे मार्गी लावले होते, आणि गेली अकरा वर्षे गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या रस्त्याने निघाल्या की तरणीताठी पोरे सिगारेट बाहीत लपवीत आणि सुना डोक्यावरचे रुमाल सारखे करीत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणसाला जो मान मिळतो तो बहुधा वयाला असतो. अपांना मिळणारा मान त्यांनी स्वतः कमावलेला होता, आणि तो कमावलेला आहे याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

समिती उभी राहिली ती स्विस लोकांच्या मदतीने. पहिल्या वर्षी त्या परक्या माणसांनी शाळेच्या पटांगणात आजारांची चित्रे मांडली, गावकऱ्यांच्या हातात राजम्याचे दाणे दिले आणि सांगितले, ज्या दुखण्याने तुमचे घर सर्वांत जास्त पोखरले त्यावर दाणे टाका. सर्वांत मोठी रास पडली ती गोठ्यातल्या तापावर. डॉक्टर त्याला ब्रुसेलोसिस म्हणत. गाभडलेल्या जनावराला नुसता हात लागला, किंवा त्याचे निरसे दूध पोटात गेले, की माणसाला धरणारा, पाठ आणि गुडघे कायमचे खाऊन टाकणारा तो ताप. मग नियम ठरले. जनावर विताना हातमोजे घालायचे. दूध उकळायचे. गाय किंवा मेंढी गाभडली तर त्याच दिवशी दवाखान्यातल्या परिचारिकेला, शायिरला, कळवायचे. पशुवैद्य रक्त तपासणार आणि दोष निघाला तर जनावर कत्तलखान्यात जाणार. हे नियम घरोघर पोहोचवले ते सायकान अपांनी. दोन वर्षांपूर्वी म्हाताऱ्या मोल्दोकुलच्या तीन मेंढ्यांत दोष निघाला, तेव्हा ट्रक येईपर्यंत अपा त्याच्या फाटकाशी काठी टेकून उभ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून मोल्दोकुल त्यांच्याशी सरळ बोलत नसे.

आणि आता अकरा वर्षांनी ते स्विस पाहुणे शेवटचे येणार होते. मदत संपत होती. दवाखान्यातला लसींचा फ्रिज, बाळांचा वजनकाटा, रक्त तपासायच्या गुलाबी द्रावणाची पेटी, हे सारे यापुढे गावाने आणि सरकारने चालवायचे होते. बेश-आर्चाला ते पेलेल का, एवढेच त्यांना पाहायचे होते.

आदल्या दिवशी दुपारी अपांच्या अंगणात मोठ्या कढईत पाहुण्यांसाठी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळणे चालले होते. आठ-दहा बायका पीठ लाटत होत्या, पोळीचे तुकडे पाडत होत्या, आणि अर्थातच तोंडेही चालवत होत्या.

"बुरुल कुठाय?" अपांनी झारा उचलत विचारले. "पीठ मळायला तिच्यासारखा हात नाही कुणाचा. या पोरी नुसत्या पीठ कुरवाळतात."

"ती नाही येत, अपा," शायिर म्हणाली. गावचा डॉक्टर म्हणजे तीच; सुना तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. "अंथरुणातनं उठवत नाही तिला. संध्याकाळ झाली की ताप, मग घामानं गादी भिजते. पाठ तर अशी धरलीये की कूस बदलताना रडते बिचारी. आणि परवापासनं तिची पोरगी आयदायपण लंगडतेय."

"मग डॉक्टरला दाखवायचं होतं."

"दाखवलं की. जिल्ह्याच्या डॉक्टरनं संधिवात म्हणून मलम दिलंय. नवरा रशियात विटा रचतोय, ही एकटी बटाट्याच्या शेतात वाकून वाकून मरतेय, दुसरं काय होणार?" शायिर हसली. "खरं सांगू? माझ्या मनात क्षणभर नको ते आलं होतं. म्हटलं, गोठ्यातला ताप तर नाही? विचारलं तिला, दूध कुणाचं पिता गं? तर म्हणते, सायकान अपांच्या गाईचं. म्हटलं, मग तो प्रश्नच मिटला. पेटी उघडलीसुद्धा नाही मी."

बायका कौतुकाने हसल्या. अपांच्या हातातला झारा तेलात तसाच राहिला. बोर्सोक तांबूस झाले, मग काळपट झाले.

"अपा, जळले!" त्यांची सून नाझिरा धावली. तिने झारा त्यांच्या हातातून घेतला, पण सासूकडे पाहिले नाही.

मोल्दोकुल चहा उकळायचा शाळेचा समोवार पोहोचवायला आला होता. तो फाटकातूनच म्हणाला, "पाहुण्यांना उद्या आपली ती गाय दाखवा, सायकान. म्हणे कासेतनं दूध उकळूनच येतं तिच्या."

बायका पुन्हा हसल्या. अपांनी हात पुसले, वरचे जाकीट घातले आणि कोणाला काही न सांगता त्या बुरुलच्या घराकडे निघाल्या.

बुरुल त्यांच्या चुलतदिराची धाकटी सून. तीन लेकरे, एक खोली, अंगणात बटाट्याच्या चार सऱ्या. मे महिन्यात तिच्या दारी अपांनी आपली तांबडी गाय बांधली होती. दुभते जनावर उन्हाळाभर गरीब नातलगाला द्यायचे, दूध त्यांनी प्यायचे आणि शरदात गाय परत करायची; या जुन्या रीतीला तिथे साआन म्हणतात, आणि ती पाळणाऱ्या घराचे नाव राहते.

बुरुल भिंतीकडे तोंड करून पडली होती. अपांना पाहून ती उठू लागली.

"पडून राहा," अपा म्हणाल्या. "मी काही पाहुणी नाही."

"असं कसं, अपा... चहा तरी..." ती कोपरावर रेलली आणि ओठ दाताखाली धरून परत आडवी झाली. सत्तावीस-अठ्ठाविशीची पोर, तोंड म्हातारीसारखे ओढलेले. "मला फार लाज वाटते. एवढं मोठं काम गावाचं, नि मी लोळतेय."

"दूध उकळतेस ना?" अपांना एवढेच विचारता आले.

"उकळते हो. तुम्हीच शिकवलंत. आयदाय धारोष्ण मागते कधी कधी, सवय लागलीये, पण मी नाही देत." बुरुल हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुमची गाय नसती तर या उन्हाळ्यात पोरांनी काय खाल्लं असतं, अपा? अल्ला तुमचं भलं करो."

दाराशी सात वर्षांची आयदाय उभी होती, एक पाय उचलून, करकोच्यासारखी.

अपा घरी परतल्या त्या वाटेने नव्हे, नदीकाठाने. तिथे कोणी भेटत नाही. आणि तिथे कोणी भेटत नसले की जे आठवू द्यायचे नसते तेच आठवते.

फेब्रुवारीत ती गाय गाभडली होती. सातव्या महिन्याचे वासरू, मेलेले. अपांनी नाझिराला सांगितले, बर्फावर घसरली असेल. दोघींनी वासरू गोठ्यामागे पुरले. पण त्याआधी अपा घरात गेल्या होत्या, समितीच्या खोक्यातून हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आल्या होत्या, आणि एक जोड त्यांनी सुनेच्या हातावर ठेवला होता. बर्फावर घसरून मेलेल्या वासराला कोणी हातमोजे घालून उचलत नाही. त्यांचे तोंड बर्फाची गोष्ट सांगत होते तेव्हा त्यांच्या हातांना खरे ठाऊक होते.

शायिरला कळवायचे ते राहिले. राहिले म्हणजे त्यांनी राहू दिले. कळवले असते तर मोल्दोकुल त्यांच्या फाटकाशी काठी टेकून उभा राहिला असता. मार्चमध्ये पशुवैद्य सगळ्यांच्या जनावरांचे रक्त घेत फिरला. अपांच्या घरी त्याने साय आणि जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर पाच वाट्या चहा घेतला, त्यांनी त्याला सहावीत असताना पाढे पाठ करायला लावले होते त्याची आठवण काढली, आणि सुई पिशवीतून बाहेर न काढता तो पुढच्या घरी गेला. सायकान अपांच्या गाईला सुई टोचायची म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घेण्यासारखे. अपांनी त्याला आठवण करून दिली नाही. उलट त्या दिवशी त्यांना हलके वाटले. जणू त्याने न घेतलेले रक्त निर्दोष निघाले होते.

आणि मग मे महिना. गाय बुरुलच्या दारी बांधली तेव्हा पहिली धार स्वतः अपांनी काढली. साआनाची पहिली धार देणाऱ्याने काढायची, आणि घरातल्या लेकरांना आपल्या हाताने, तिथल्या तिथे, कोमट असतानाच पाजायची; उकळलेल्या दुधाने आशीर्वाद लागत नाही, असे त्यांची सासू म्हणे. अकरा वर्षे "उकळा, उकळा" म्हणून गावाचे कान किटवणाऱ्या बाईने त्या सकाळी वाटी भरली आणि आयदायच्या ओठांना लावली. पोरीच्या ओठावर फेसाची मिशी आली होती. सगळे हसले होते. अपाही.

घरी नाझिरा काळे पडलेले बोर्सोक वेगळे काढत होती.

"एने," ती हळूच म्हणाली. सासूला ती एने, म्हणजे आई, म्हणे आणि तिच्यापुढे नेहमीच हळू बोले, पण आजचे हळू वेगळे होते. "बुरुल कशी आहे?"

"बरी नाही."

"पोरगी?"

"ती पण."

नाझिराने एक बोर्सोक कुस्करला. "मी सांगू का शायिर एजेला? माझ्या चुकीनं राहिलं म्हणून सांगते. मला कोण काय बोलणार? सुनेच्या चुका लोक धरत नाहीत."

अपांनी तिच्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या पोरीच्या चांगुलपणाचा राग आला, कारण क्षणभर तो त्यांना हवाहवासा वाटला होता.

"माझं पाप तुझ्या पदरात बांधायला मी अजून एवढी म्हातारी झाले नाहीये," त्या म्हणाल्या. "पाहुणे उद्या जाऊ देत. मग बघते मी."

एका दिवसाने काय होते, असे त्या स्वतःशी म्हणाल्या. पण ज्या पोरीची पाठ रोज संध्याकाळी जळते तिच्यासाठी एक दिवस म्हणजे काय, हा हिशेब गणिताच्या बाईंना सुटत नव्हता असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा वर्ग गच्च भरला. पाहुण्या वेरेनाबाई पांढऱ्या केसांच्या, सडपातळ, सगळ्या गावाच्या ओळखीच्या. पहिल्या वर्षी राजम्याचे दाणे त्यांनीच वाटले होते. त्यांच्या शेजारी दुभाषा तरुण. भाषणे झाली. शायिरने फळ्यावरचे आकडे वाचले. किती बाळांना लस मिळाली, किती गरोदर बायांची वजने झाली. "आणि या वर्षी गावात एकही जनावर गाभडल्याची नोंद नाही," ती अभिमानाने म्हणाली. "याचं श्रेय एका व्यक्तीला."

टाळ्या पडल्या. अपा उठल्या. बोलायचे ते चार दिवस आधी ठरलेले होते: आभार, मग गावाचे वचन, मग एक म्हण. त्या फळ्यापर्यंत गेल्या, फळ्याकडे पाहिले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने चुकीच्या आकड्यावर बोट ठेवले.

"हे चूक आहे," त्या म्हणाल्या. "शून्य नाही. एक. फेब्रुवारीत माझी तांबडी गाय गाभडली. मी कळवलं नाही. मेमध्ये ती बुरुलच्या दारी साआन म्हणून बांधली. बुरुलला संधिवात नाही झालेला."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी समजूतदारपणे हसले.

"अपा मोल्दोकुल बाबांचं मन राखायला स्वतःवर ओढून घेतायत हो," एक बाई शेजारणीला म्हणाली. "केवढं मोठं मन!"

"अपा, बसा तुम्ही," शायिर लगबगीने पुढे आली आणि तिने त्यांचा दंड धरला. "कालपासनं दमलाय. कालही बोर्सोक जाळलेत." आणि दुभाष्याला, "हे सांगू नका त्यांना. अपांना बरं वाटत नाहीये."

सायकान अपा थक्क झाल्या. आपल्या अब्रूची त्यांनी अनेक प्रकारे कल्पना केली होती. पण ती अशी भिंत होऊन उभी राहील आणि खरे बोलणेही आत येऊ देणार नाही, हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

"माझा विश्वास आहे," मोल्दोकुल म्हणाला. तो खिडकीशी उभा होता, टोपी हातात. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिले. "सायकान खोटं बोलत नाही. ती गप्प बसते. फेब्रुवारीपासनं ती माझ्या गल्लीतनं गेलेली नाही. का जात नाही, याचा मी विचार करत होतो."

वेरेनाबाईंनी दुभाष्याला काहीतरी विचारले. त्याने चाचरत भाषांतर केले असावे, कारण त्यांनी चष्मा काढला आणि अपांकडे सरळ पाहत एकच वाक्य बोलल्या.

"त्या विचारतात," दुभाषा म्हणाला, "वासरू पुरताना तुम्ही हातमोजे घातले होते का?"

"हो," अपा म्हणाल्या. "मी घातले. सुनेलाही घालायला लावले."

आता कोणी हसले नाही. बेश-आर्चातल्या प्रत्येक बाईला तो प्रश्न कळला आणि उत्तरही कळले. शायिरने धरलेला दंड सोडला. पेटी तिच्याही टेबलावर महिनाभर बंद पडून होती.

वेरेनाबाई वहीत काहीतरी लिहू लागल्या. ते काय, गाव पास की नापास, हे अपांनी विचारले नाही.

"शायिर," त्या म्हणाल्या, आणि आवाज अजूनही त्यांचा होता, "उभी काय राहिलीस? पेटी घे. चल."

बुरुलच्या घरात ऊन आले होते. शायिरने खाली गुडघे टेकून पांढऱ्या बशीवर रक्ताचा थेंब ठेवला, शेजारी गुलाबी द्रावणाचा थेंब, आणि काडीने दोन्ही एकत्र करून बशी डोलवू लागली. अपा उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. त्यांनी जे सांगायचे ते आल्या आल्या सांगून टाकले होते, उभ्यानेच, एका दमात.

गुलाबी थेंब आधी गुळगुळीत होता. मग त्याच्यात फुटलेल्या दुधासारखे दाणे दिसू लागले.

"तेच आहे," शायिर म्हणाली. "जिल्ह्याला रक्ताची नळी पाठवून पक्कं करू, पण तेच आहे. सहा आठवडे गोळ्या. एकही चुकवायची नाही. तू बरी होशील, बुरुल. पाठ... पाठीचं मी आता काही सांगत नाही. लवकर कळलं असतं तर..." ती थांबली.

बुरुल छताकडे पाहत होती.

"अपा," ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

बर्फ जिभेवर आला. पशुवैद्य जिभेवर आला. सासूची रीत आली. अपांनी सगळ्यांना मागे लोटले.

"होतं."

"आयदायला वाटी दिलीत तेव्हापण?"

"तेव्हापण."

तिने ओरडावे, असे अपांना वाटले. तोंडावर बोलावे, बाहेर काढावे. पण तिथली सून थोरांपुढे आवाज चढवत नाही, आणि ती रीतही अपांनीच गावातल्या पोरींच्या तीन पिढ्यांना शिकवलेली होती. बुरुलच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहिले. तिने ते पुसले नाही.

"ही गाय आज जाईल," अपा म्हणाल्या. "संध्याकाळी माझी काळी पाठवते. पोरांना दूध लागेल. ती चांगली आहे, तिला काही..."

"तिची तपासणी झालीये?"

प्रश्न अगदी हळू आवाजात आला होता. अपांना आधी वाटले, शायिरने विचारला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग आधी होऊ दे. चिठ्ठी शायिर एजेच्या हातात येऊ दे. मी ती वाचेन. तोवर पोरं काळा चहा पितील."

गावात असे कोणी कधी बोलले नव्हते. अपांची मान ताठ झाली, जुन्या सवयीने. आणि मग त्यांच्या लक्षात आले की हेच, नेमके हेच, अकरा वर्षे त्या घरोघर जाऊन सांगत होत्या: कोणाच्या तोंडाकडे पाहू नका, तपासा. फक्त त्यात स्वतःचे तोंड त्यांनी कधी धरले नव्हते.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तसंच कर."

बुरुलने कोपरावर जोर दिला आणि दात आवळून उठून बसली. शायिर मदतीला सरकली. अपांचाही हात पुढे झाला, पण बुरुलने शायिरचा धरला.

"आयदाय, ये इकडे," तिने हाक मारली. "आता हिचं घ्या, एजे."

पोरगी लंगडत आली आणि आईच्या मांडीशी बसली. सुई पाहून तिने डोळे मिटले, बोट मात्र पुढे केले. शायिरने नवी बशी पुसली, थेंब ठेवला, गुलाबी द्रावण टाकले.

"चार मिनिटं," ती म्हणाली.

अपांना कोणी बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि डोलणाऱ्या बशीकडे पाहत राहिल्या.